इनासचं वाकडं तोंड

आमच्या गावठाणातल्या क्रुसाला हात लावणाऱ्याचं पुढे काय झालं, हे मरोळमध्ये कुणालाही विचारा, चहा गार होईपर्यंत सांगत बसेल. रस्ता सरळ करायला क्रूस हलवा म्हणणारा गोरा साहेब घोड्यावरून पडला. बिल्डरचा बुलडोझर क्रुसापासून चार हातांवर आला आणि जागच्या जागी बंद पडला, मग मेकॅनिक आणले तरी हलेना. गोऱ्या साहेबाचं मला माहीत नाही. बुलडोझरचं माहीत आहे, मी समोरच उभा होतो. त्यातलं डिझेल संपलं होतं. पण डिझेल संपणं ही काही गोष्ट नव्हे, म्हणून ते कुणी सांगत नाही.

मी बस्त्याव क्रियाडो. वय एकाहत्तर. चौतीस वर्षं इथल्याच एका कारखान्यात फिटर होतो आणि त्रेचाळीस वर्षं मे महिन्यात क्रुसापुढे गोष्टी सांगतो. मे महिनाभर आमच्याकडे रोज संध्याकाळी क्रुसापुढे लादिन असते. म्हणजे माळ, प्रार्थना, गाणी, आणि ज्या घराची पाळी असेल त्या घरचे उकडलेले चणे. चणे वाटून झाले की पोरं पायऱ्यांवर बसतात आणि मी सुरू करतो. माझ्याआधी माझे आजोबा सांगायचे.

आजोबांकडून आलेली इनासची गोष्ट अशी. इनासनं शेजाऱ्याच्या शेतात बांध सरकवला. पंचांनी त्याला क्रुसावर हात ठेवायला लावला. तो बेधडक खोटं बोलला, 'आंब्याच्या अलीकडचं सगळं माझं.' शेत त्याला मिळालं. पुढे? पुढे काहीच नाही. इनास सहा कमी नव्वद वर्षं जगला, रोज दोन वेळा मासे खाल्ले आणि फादरच्या हातून अखेरचं तेल लावून घेऊन बिछान्यात मेला. आजोबा शेवटी म्हणायचे, "त्याचा न्याय वर झाला असेल," आणि चणे तोंडात टाकायचे.

ही गोष्ट पोरांना अळणी लागायची. मलाही लागायची. आजोबांनंतर पहिल्यांदा मी सांगायला बसलो तेव्हा अठ्ठावीसचा होतो, आणि मला एक कला येत होती. तोंडाची डावी बाजू खाली ओढून, एक डोळा उघडा ठेवून लाळ गाळायची. इनासपाशी आलो, पोरं चुळबुळ करायला लागली, तशी मी ती कला काढली. "आणि तिसऱ्या दिवशी सकाळी इनास उठला तो असा!" पोरं किंचाळली. पुढच्या पायरीवरची अकरा वर्षांची सेवरीन हसता हसता खाली पडली आणि रात्रभर झोपली नाही म्हणून तिची आई दुसऱ्या दिवशी मला बोल लावून गेली. मला काय, बरंच वाटलं. तेव्हापासून इनासचं तोंड वाकडंच राहिलं.

कारण एवढंच, की मला ते करून दाखवता येत होतं. हे आधीच सांगून टाकतो.

यंदाच्या मेमध्ये चौथ्या दिवशी मरियामाऊलीचा चांदीचा मुकुट गेला. क्रुसाच्या पायाशी काचेचं कपाट आहे, त्याला नुसती कडी. आत माऊलीची हातभर मूर्ती. प्लेगमधून वाचलेल्यांनी घातलेला मुकुट तिच्या डोक्यावर होता. सकाळी अकराला क्रुसाच्या मंडळाचा सेक्रेटरी कॅजेटन याच्या आईनं फुलं बदलली, तेव्हा मुकुट होता. दुपारी एकला नव्हता. सोसायटीचा कॅमेरा स्वतःच्या पार्किंगकडे तोंड करून बसलेला. मुकुट कुणी नेला ते मला आजही माहीत नाही. चोर शेवटी सापडेल म्हणून वाट बघू नका.

संशय आला नंदूवर. नंदू इलेक्ट्रिशियन, मालवणकडचा. त्याचे वडील, त्यांना सगळे भाऊ म्हणायचे, आधी मिलमध्ये होते, मिल गेल्यावर माझ्या कारखान्यात आले. क्रुसाला लायटिंग आधी भाऊ करायचे, आता नंदू. सकाळी अकरापर्यंत तो शिडीवर चढून माळा सोडत होता हे सगळ्यांनी पाहिलं होतं, आणि शिडी क्रुसालाच टेकवून ठेवून गेला होता. एवढं पुरलं.

"शिडी ठेवून गेलो कारण संध्याकाळी परत यायचं होतं ना!" नंदू म्हणाला. "अकरा ते सव्वा मी सेवरीन आंटीकडे होतो. पंखा करत होतो. विचारा तिला."

सेवरीन आता चोपन्न वर्षांची. नवरा गेला, मुलगा बोटीवर. घरी बाटली मसाला करून विकते. तिनं सगळं सांगितलं. नंदूनं पंख्याचा कॅपॅसिटर बदलला. तो स्टुलावर असताना चर्चची बाराची घंटा झाली. ती प्रार्थनेला उभी राहिली, तेव्हा त्यानं पाना खाली ठेवला आणि स्टुलावरच हात जोडून थांबला. मग भात आणि सुक्या बोंबलांचं कालवण जेवून सव्वाला गेला.

कॅजेटनला पटलं नाही. "तिच्या घरच्यासारखा माणूस आहे तो. ती त्याला वाचवणारच. मी पोलिसांत जातो."

इथे मी शहाणपणा केला. मला वाटलं, पोलिसांत नाव गेलं की गरिबाची वाट लागली. मग सुटला तरी कोण त्याला घरात घेणार? मी म्हणालो, "कॅजी, पोलीस कशाला? सेवरीनला क्रुसावर हात ठेवू दे. क्रुसापुढे खोटं बोलायची आपल्यात कुणाची छाती आहे?" फादरना मी विचारलं नाही, कारण ते नको म्हणाले असते.

दुसऱ्या दिवशी लादिन झाल्यावर सेवरीननं दगडावर उजवा हात ठेवला आणि न अडखळता म्हणाली, "या क्रुसाची आण. अकरापासून सव्वापर्यंत नंदू माझे घरात होता." मग कॅजेटननं स्वतः नंदूच्या ओंजळीत चणे घातले. नंदूची बायको जानकी बाजूला उभी राहून डोळे पुसत होती. मी घरी गेलो तो छाती फुगवून. त्रेचाळीस वर्षं गावाला गोष्टी सांगितल्याचा एकदाचा उपयोग झाला असं वाटलं मला. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच, पण कळायला तीन दिवस गेले.

तिसऱ्या दिवशी सकाळी सेवरीनच्या शेजारणीनं मला बोलावलं. सेवरीन आरशापुढे बसली होती. चेहऱ्याची डावी बाजू ओघळल्यासारखी खाली आलेली. डावा डोळा मिटत नव्हता. चहा ओठांच्या कडेनं गळून पदरावर पडला होता.

मी रिक्षा केली आणि तिला डॉक्टरणीकडे नेलं. तिनं कपाळाला आठ्या घालायला लावल्या, गाल फुगवायला लावले, हातपाय तपासले. म्हणाली, "घाबरू नका, अर्धांग नाही. चेहऱ्याची नस सुजली आहे. हे कुणालाही होतं. बहुतेक जण तीन आठवड्यांपासून दोन महिन्यांत बरे होतात. या गोळ्या आजच सुरू करा." कागदावर सगळं लिहून दिलं. मी दोनदा विचारून घेतलं. सेवरीननं काहीच विचारलं नाही.

परत येताना रिक्षात तिनं विचारलं, "मामा, इनासचा कंची बाजू वाकडी झालती?"

"इनासला काय पण झालं नव्हतं, सेवरीन. ते मी आपलं..."

"डावी," ती म्हणाली. ओठ नीट मिटत नसल्यामुळे शब्द सांडत होते. "तुम्ही डावीच करायचे."

दुपारपर्यंत तिचा फोटो मंडळाच्या ग्रुपवर होता. कुणी काढला कोण जाणे. खाली लिहिलं होतं, 'आजही जागृत.' संध्याकाळपर्यंत तो फोटो वांद्र्याला माझ्या भाचीकडे पोचला होता आणि ती मला विचारत होती, मामा हे खरं का? रविवारी फादरनी प्रवचनात सांगितलं की देव असा माणसांची तोंडं वाकडी करत फिरत नाही. लोकांनी मान डोलावली आणि बाहेर येऊन तेच बोलायला लागले. त्या दिवसांत अनोळखी बायका सेवरीनच्या दारावरून मुद्दाम जायच्या, आत डोकवायच्या. मसाला कुणी नेईना. नंदूला कुणी साधा बल्ब बदलायलाही बोलवीना. पण तक्रार अजून झाली नव्हती. शपथ झाली होती, आणि शपथ घेणारी ती खोटी आहे असं स्वतः म्हणत नव्हती. नंदू आणि पोलीस यांच्यामध्ये तेवढीच एक भिंत उरली होती.

बाराव्या लादिनीला मी उभा राहिलो. लोकांना वाटलं गोष्ट सांगतोय. मी म्हणालो, "ऐका. इनासचं तोंड कधी वाकडं झालंच नव्हतं. आजोबांच्या गोष्टीत नाही. मी घातलं ते. पोरं हसावीत म्हणून. इनास खोटं बोलला आणि चांगला म्हातारा होऊन मेला. सेवरीनचं दुखणं आहे, हा डॉक्टरचा कागद. कावळा बसायला आणि फांदी मोडायला एक गाठ पडली, त्यात त्या नंदूला का मारता?"

क्षणभर मला वाटलं, जमलं.

मग कॅजेटनची आई उठली. शहाऐंशी वर्षांची बाई, माझ्या आजोबांच्या गोष्टी ऐकलेली. तिला खरं माहीत असणारच. ती माझ्याजवळ आली आणि तिनं माझा हात स्वतःच्या कपाळाला लावला. "बस्त्याव," ती म्हणाली, "तुझे आज्याला माहीत नव्हता ते देवानं तुझे तोंडातून बोलवलं. चाळीस वर्सं आधी. तुला कळलाबी नाय."

मी जेवढं 'मी बनवलं' म्हणत गेलो तेवढं ते आणखी खरं होत गेलं. दुसऱ्या दिवसापासून लोक मला वाटेत थांबवून आजारी माणसांसाठी प्रार्थना करायला सांगू लागले. संताप संताप झाला माझा. एकाला मी शिवी दिली, तर तो म्हणाला, अंकल थकलेत.

मग मी सेवरीनकडेच रोज जायला लागलो. लोक गेले खड्ड्यात, ती ठाम राहिली म्हणजे झालं. ती तोंडावर पदर धरून बसायची. डावा डोळा सुकू नये म्हणून त्यावर ओलं फडकं. टेबलाच्या खणात डॉक्टरणीच्या गोळ्या दिसल्या. दोनच घेतलेल्या.

"गोळ्या का नाय घेत?"

"देवानं दिलेला गोळीनं काढू?"

"अगं पण तू खोटं बोललीसच नाहीस! नंदू इथे होता ना?"

"होता."

"बाराची घंटा झाली तेव्हा स्टुलावर होता ना?"

"होता." तिनं डोळ्यावरचं फडकं उलटवलं. "पण मामा, घंटा तर रोज वाजते. पंख्यासाठी तो आदल्या दिवशीबी आलता, बघून गेलता. घंटा त्या दिवसाची असली तर?"

"आदल्या दिवशी तो जेवला होता का?"

"नाय."

"मग? जेवला तो दिवस चोरीचा. तूच म्हणालीस."

"जेवला तो दिवस चोरीचाच, असा मना वाटते. पण मना वाटते म्हणून काय झाला? क्रुसाला माझेपेक्षा जास्त ठावं असल."

मी तिला तासन् तास समजावलं. कॅपॅसिटर ज्या दुकानातून आणला तिथे जाऊन विचारलं. दुकानदार म्हणाला, नंदू रोजच काहीतरी नेतो, कुठल्या दिवशी काय नेलं ते कसं सांगू. आठवडाभर मी तिच्या आठवणीला टेकू लावत राहिलो आणि ती एकेक काढून ठेवत राहिली. आधी म्हणाली, सव्वाला नसेल गेला, पाऊणला गेला असेल. मग म्हणाली, मी मसाला कुटायला मागच्या पडवीत गेले होते, तेवढ्यात तो बाहेर जाऊन आला असेल. मग म्हणाली, तो आलाच होता का हेच कळत नाही. जी बाई न अडखळता बोलली होती तिला आता स्वतःचं घर आठवेनासं झालं. आणि हे मी केलं होतं, मी, पोरं हसावीत म्हणून. रात्री बिछान्यावर पडलो की लाजेनं अंग गरम व्हायचं.

चोवीस तारखेला लादिन संपल्यावर सेवरीन क्रुसापाशी गेली. पदर बाजूला केला, वाकडं तोंड सगळ्यांना दाखवलं आणि म्हणाली, "मी खोटी आण घेतली. नंदू माझे घरात नव्हता." मग गुडघ्यांवर बसली आणि मोठ्यानं रडली. बायकांनी तिला उचलून जवळ घेतलं. सोळा दिवसांत पहिल्यांदा कुणीतरी तिला हात लावत होतं.

पंचवीसला कॅजेटननं तक्रार दिली. सव्वीसला पोलिसांनी सेवरीनचा जबाब घेतला. क्रुसापाशी बोलली तेच तिनं तिथेही सांगितलं, सही केली. संध्याकाळी नंदूला घेऊन गेले. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात, पण इथे संन्याशाविरुद्ध साक्ष द्यायला लावली ती त्याच्या बाजूच्या एकुलत्या एका माणसाला.

सत्तावीसला सकाळी सेवरीनचा डावा डोळा मिटला.

शेजारीण ओरडतच गल्लीत आली. मी बोटांवर दिवस मोजले. आठ तारखेला सुरू झालं, सत्तावीसला उतरायला लागलं, एकोणीस दिवस. तीन आठवड्यांच्या आसपास, डॉक्टरणीनं सांगितलं तसंच. मी तो कागद घेऊन बाहेर आलो, पण दाखवणार कुणाला? गोळ्या न घेता, कबुलीनंतर तिसऱ्या दिवशी. तिसऱ्या! मी स्वतः गोष्ट रचायला बसलो असतो तरी इतकी चोख जमली नसती. तीसपर्यंत ओठांची कड वर आली. एकतीसला, शेवटच्या लादिनीला, ती नवीन लुगडं नेसून आली, आणि चणे तिच्या घरचे होते. तोंड सरळ. हसली तर अगदी थोडं एका बाजूला, ते मलाच दिसलं असेल.

चणे वाटणं चालू असताना जानकी आली. चपला बाजूला काढून, डोक्यावर पदर घेऊन ती सरळ सेवरीनसमोर उभी राहिली. लोक थांबले.

"आंटी," ती म्हणाली, "उद्या वकील येणार आहे. तुम्ही एकदा येऊन खरं सांगा, बस. त्या दिवशी ते घरी आले तेव्हा जेवले नाहीत. म्हणाले, आंटीनं बोंबलांचं कालवण घातलं, त्यात आंबा होता. मी त्यांना म्हटलं, मग मी कशाला रांधलं? आमचं भांडण झालं त्यावरून. तुम्ही कालवणात आंबा घातला होता ना?"

सेवरीनच्या हातातलं पातेलं खाली आलं. तिनं जानकीच्या खांद्यावर हात ठेवला. तिच्या डोळ्यांत पाणी होतं, आणि मी शपथेवर सांगतो, त्यात लबाडी नव्हती.

"घातलता," ती म्हणाली. "मना सगळा आठवते, पोरी. तो स्टुलावर उभा हाय, हात जोडून, तेबी आठवते. पण आठवते ते खोटा हाय. खरा असता तर माझा तोंड वाकडा कशाला झाला असता?"

"दुखणं होतं ते आंटी!"

"मग कबूल केल्यावर गेला कसा?"

जानकी माझ्याकडे वळली. "अंकल, तुम्ही सांगा ना. तुम्हीच बनवलं ना ते? सांगा ना त्यांना. तुमचं ऐकतील त्या. माझा नवरा आत आहे अंकल."

मी उठलो. सगळं तोंडाशी होतं, बारा तारखेला बोललो होतो तेच. इनासला काही झालं नाही, मी रचलं, हा कागद. मी क्रुसाकडे तोंड केलं आणि म्हणालो, "हे सगळं खोटं आहे. या क्रुसाच्या..."

"मामा!" सेवरीननं माझा दंड धरला. आवाज हळू, काळजीचा, आजारी माणसाला पांघरूण घालताना असतो तसा. "इथे उभे राहून बोलू नका. तुमचा वय झाला. माझा गेला, तुमचा नाय जायचा."

मी हसायला हवं होतं. माझी कला, माझं सोंग, आणि ही मलाच त्याची भीती घालत होती. पण हात आपोआप वर गेला आणि मी डावा गाल चाचपला. ओठ हलतोय का बघितलं. एकोणीस दिवसांचा हिशोब मला पाठ होता, डॉक्टरणीचा कागद खिशात होता, आणि तरी पुढचा शब्द तोंडातून बाहेर पडेना. मला भीती वाटली. दुसरं कुठलंही कारण नाही. मी भ्यालो.

"बोला ना अंकल," जानकी म्हणाली.

मी खाली बसलो. ती माझ्यासमोर बराच वेळ उभी राहिली. मग वाकून तिनं आपल्या चपला शोधल्या, पायात घातल्या आणि गेली.